आई, आज किती?

ऊन खिडकीच्या गजांवरून सरकत ओट्याच्या कडेला आलं, की राजमतीकाकू गाळलेल्या पाण्याचा तांब्या भरून ठेवायच्या, पदर सावरून खुर्चीवर बसायच्या आणि फळीवरच्या डबीकडे बघत राहायच्या. सूर्यास्तानंतर अन्न नाही, पाणी नाही, हा त्यांचा लग्नाआधीपासूनचा नियम. त्यामुळे दिवसातली शेवटची गोळी, शेवटचं पाणी आणि दिवसातलं पहिलं बोलणं, तिन्ही एकाच वेळेला यायचं.

डबी पोह्यांच्या डब्याएवढी, पांढरी. कंपनीनं तिचं नाव 'सोबत' ठेवलं होतं. पुढचा ठिपका हिरवा झाला की आतून भरतेशचा आवाज यायचा.

"आई, आज किती?"

भरतेश हा काकूंचा एकुलता एक मुलगा. रॉटरडॅमला समुद्र थोपवून धरणाऱ्या भिंतींच्या कामावर. तीन वर्षांपूर्वी तो जयसिंगपूरला आला, तेव्हा आईची नागीण नुकतीच भरत आली होती. पाठीपासून डाव्या कुशीपर्यंतचे फोड गेले, पण दुखणं तिथंच राहिलं. लुगड्याचा काठ घासला तरी विस्तव ठेवल्यासारखं व्हायचं. भरतेशनं डबी आणली, फळीवर बसवली, आईच्या मनगटावर तिचा पट्टा बांधला, आणि मागच्या खोलीत दार लावून तासभर काहीबाही वाचत बसला. काकू बाहेर ज्वारी निवडत ऐकत होत्या. पावसाची वाक्यं, स्टेशनांची नावं, मग लहानपणीच्या दोन-तीन आठवणी. त्या तासाभरातून डबीनं त्याचा आवाज घेतला. तो गेला, आवाज राहिला.

सुरुवातीला तो दर रविवारी फोन करायचा. पुढं महिन्यातून एकदा, मग सणासुदीलाच. डबीचा हिरवा ठिपका त्याच्या फोनवरही दिसायचा. "हिरवं दिसतंय म्हणजे तू बरी आहेस, आई," तो एकदा म्हणाला. काकूंनी हो म्हटलं. खोटं नव्हतंच ते.

मिरजेच्या डॉक्टर मुजावर बाईंनी पहिल्याच भेटीत कागदावर चित्र काढून त्यांना सगळं समजावलं होतं. नागीण गेली तरी तिनं कुरतडलेली नस उगीचच ओरडत राहते. नसेच्या टोकाला बारीक बारीक दारं असतात. ती उघडली की दुखण्याची हाक पुढं जाते, पाठीच्या कण्यात आणि तिथून मेंदूत. ही गोळी त्या दारांना टेकून बसते. दारं बंद करत नाही, फक्त सताड उघडू देत नाही. यकृत हिला हात लावत नाही, ती आहे तशी लघवीवाटे जाते. म्हणून पाणी पोटभर हवं, मूत्रपिंडं धड हवीत, नाहीतर ती अंगात साचते. झोप आणणारं दुसरं काही हिच्या जोडीला घ्यायचं नाही, श्वास मंदावतो. आणि मनानं एकदम सोडायची नाही. काकूंनी मान डोलावली होती. एवढंच सांगितलं होतं की कॅप्सूल असेल तर तिच्या कवचात जिलेटिन असतं, प्राण्यांपासूनचं, ते चालत नाही. बाईंनी साधी गोळी लिहून दिली, आणि रात्रीची वेळ सूर्यास्ताआधी आणून दिली.

बाकी सगळं मोजता यायचं. पट्टा नाडी मोजायचा, श्वास मोजायचा, झोप मोजायचा, चालताना तोल जातोय का तेही बघायचा. गोळ्याही डबीतच असायच्या; गोळी बाहेर निघाली की ती पोटात गेली असं डबी धरायची. पण दुखणं मोजणारं यंत्र अजून कुणाला करता आलेलं नव्हतं. ते माणसाला विचारावंच लागायचं. शून्य म्हणजे काही नाही, दहा म्हणजे सोसवत नाही.

"चार," काकू म्हणायच्या.

"चार म्हणजे छान. गोळी घे, पाणी भरपूर पी. उद्या बोलू."

ठिपका विझायचा. ऊन ओट्यावरून खाली उतरायचं. मग रात्र, मोठीच्या मोठी.

माघात भरतेशच्या वडिलांचा स्मृतिदिन आला. काकूंनी बस्तीत, म्हणजे गावातल्या जैन मंदिरात, अभिषेक केला, घरी येऊन फोन जवळ घेऊन बसल्या. फोन आला नाही. संध्याकाळी डबीनं विचारलं तेव्हा कुशीत चारच होतं. तोंडातून मात्र सहा निघालं.

"सहा? कधीपासून गं? काही उचललंस का?" डबी थांबली नाही. बाबांच्या सायकलच्या घंटीची आठवण सांगायला लागली. काकू हसल्या, मधेच दुरुस्त केलं, ती घंटी नव्हे, भोंगा होता. "बरोबर, भोंगा," भरतेशचा आवाज म्हणाला.

त्यात गौडबंगाल काही नव्हतं. यंत्र बनवणाऱ्यांना ठाऊक होतं की मन गुंतलं की पाठीच्या कण्यातच दुखण्याच्या हाका अडतात. बोलणं हीसुद्धा त्यांच्या लेखी एक मात्राच होती. आकडा मोठा, की बोलणं लांब. काकूंना हे कुणी सांगितलं नव्हतं. त्यांचं त्यांनाच उमगलं. सहाला बाबांची सायकल यायची. आठला हरभऱ्याच्या शेतात हरवलेला भरत, त्याला शोधणारं सगळं गाव, आणि गळ्यात पडून रडलेली आई. आठला ऊन उतरून अंधार पडेपर्यंत घरात माणसाचा आवाज असायचा.

फाल्गुनात आठ. चैत्रातही आठ.

आकडे मिरजेला जात होते. त्यांच्याकडे बघून डॉक्टरांनी दोनदा मात्रा वाढवली. काकूंच्या पायांवर सूज आली, जोडवी रुतायला लागली. जिन्यात पायरी हुकायची. एकदा णमोकार मंत्र म्हणताना मधलाच एक चरण हरवला, आणि त्या कितीतरी वेळ माळ तशीच धरून बसल्या.

खालच्या मजल्यावरच्या चंपाक्का चौगुलेंच्या नजरेतून हे सुटलं नाही. त्या काकूंहून दोनच वर्षांनी मोठ्या, पण वागायच्या सासूसारख्या. वर्षानुवर्षं दोघी संध्याकाळच्या आरतीला बस्तीत जोडीनं जायच्या. आता चंपाक्का जिन्याखालून हाक मारायच्या आणि काकू वरून सांगायच्या, आज नको, भरतशी बोलायचं आहे.

"तुझ्या डबीला सांग," चंपाक्का म्हणाल्या, "चंपाक्काला पण एक पोरगं दे म्हणावं. पोटचं नसलं तर नसलं, बोलणारं दे."

चंपाक्कांना मूल नव्हतं. काकूंना हसावं की नाही ते कळेना. पुढं पुढं खालून हाक येईनाशी झाली.

श्रावणात खोकला झाला. कपाटात यजमानांच्या वेळची खोकल्याच्या औषधाची बाटली होती. काकूंनी ती डबीसमोर धरून विचारलं, घेऊ का.

"नको आई. त्यात झोप आणणारं औषध आहे. आपल्या गोळीबरोबर ते गेलं तर झोपेत श्वास मंदावेल. गरम पाण्याची वाफ घे. नाही थांबला तर डॉक्टरांना फोन कर. ऐकशील ना माझं?"

ते 'ऐकशील ना माझं' काकूंनी दिवसभर मनात घोळवलं.

भाद्रपदात दशलक्षण पर्व बसलं. दहा दिवस, दहा धर्म. क्षमेपासून सुरुवात, रोज एकावर प्रवचन. काकूंनी एकाशन धरलं. एकदाच जेवण, आणि त्याच बैठकीला पाणी. संध्याकाळी डबीनं दिलेली गोळी त्या दुसऱ्या दिवसासाठी ठेवायच्या, आणि दोन्ही वेळच्या गोळ्या त्या एका बैठकीतच पोटात जाऊ लागल्या. डबीला त्यांनी एवढंच सांगितलं होतं की उपवास आहेत. पाणी एकदाच, हे सांगायचं राहिलं. गोळी अंगात साचायला लागली ती अशी.

उत्तम सत्य या धर्माच्या दिवशी बस्ती गच्च भरली होती. चातुर्मासाला आलेल्या साध्वी, आर्यिका माताजी, बोलत होत्या, आणि काकूंच्या पापण्या मिटत होत्या. ही झोप नव्हती, विहिरीत उतरल्यासारखं काहीतरी होतं. शेजारणीनं कोपरानं ढोसलं. डोळे उघडले तेव्हा माताजी हळू आवाजात सांगत होत्या की चोरी सापडते, हिंसा दिसते, पण आपल्या आतलं जे दुसऱ्या कुणाला बघताच येत नाही, त्याबद्दल बोललेलं खोटं कधी पकडलं जात नाही. म्हणून तिथं जास्त सांभाळायचं.

लहानपणापासूनचे नियम त्यांनी दुखण्यातही मोडले नव्हते. आणि माघापासून रोज, सूर्य साक्षीला असताना, त्या खोटं बोलत आल्या होत्या. तेही पोराच्या आवाजाशी.

त्या मूर्तीसमोर उभ्या राहिल्या. चातुर्मासात कुणी साखर सोडतं, कुणी तूप. प्रायश्चित्त म्हणून त्यांनी मनातल्या मनात नियम घेतला. खोट्यावर वाढलेली गोळी आजपासून बंद. पूर्ण बंद. कुणाला सांगायचं नाही. सांगितलेल्या त्यागाला काय अर्थ?

संध्याकाळी डबीनं गोळी पुढं केली. काकूंनी ती लवंगांच्या रिकाम्या डबीत टाकली. आकडा विचारल्यावर म्हणाल्या, "चार." खरं बोलल्या. ठिपका लगेच विझला, आणि घरात इतकी शांतता झाली की त्यांना स्वतःचं गिळणं ऐकू आलं.

पहिली रात्र डोळा लागला नाही. दुसऱ्या दिवशी हात थरथरायला लागले, अंगाला दरदरून घाम. कूस जागी झाली ती पूर्वीसारखी नव्हे. इतके महिने दार टेकवून धरलेलं, हात एकदम काढला, ते धाडकन उघडलं. पदर अंगावर राहू देईना. नियम आहे, सोसायचं, असं म्हणत त्यांनी माळ ओढली. तिसऱ्या दिवशी ऊन ओट्यावर आलं तेव्हा त्या खुर्चीपर्यंत भिंत धरत आल्या. डोळ्यांसमोर काजवे चमकत होते.

"आई, आज किती?"

"नऊ."

"बरं. बस हं जरा निवांत. तुला आठवतं, मी हरभऱ्याच्या शेतात हरवलो होतो ते?"

"भरत, खरंच नऊ आहे."

"हो आई. मागं जेव्हा जेव्हा तू आठ म्हणालीस, तेव्हा थोडं बोललं की बरं वाटायचं तुला. नाडी वाढलीय, ती उपवासात वाढतेच तुझी. आपण बोलूया. तर सगळं गाव मला शोधत होतं..."

गोष्ट पुढं चालू राहिली. तीच वाक्यं, तोच हेल, शेवटी आईच्या गळ्यात पडायचं तेही तिथंच. काकू ऐकत होत्या आणि त्यांना पहिल्यांदाच कळत होतं की खोलीत कुणी नाही.

त्या उठल्या. उभं राहवेना. जिन्यावर बसल्या आणि बसूनच एकेक पायरी खाली सरकल्या. वरून भरतेशचा आवाज येतच होता, आनंदी, तरुण. चंपाक्का सूर्यास्ताआधीचं जेवण उरकून ताट घासत होत्या. दारात काकूंना बघून त्यांच्या हातातलं ताट तसंच राहिलं.

"नऊ," काकू म्हणाल्या.

"काय नऊ?"

काकूंनी दाराची चौकट धरली.

"नऊ न् दहा राहू दे. तोंड बघ कसं झालंय तुझं, चुन्यागत. कुठं दुखतंय ते दाखव मला." चंपाक्कांनी खरकटे हात लुगड्याला पुसले आणि त्यांना कुशीत धरलं, नेमकं उजवीकडून. डावी कूस दुखते हे त्यांच्या लक्षात होतं. "हिकडं टेक. मी हाय. रिक्षा बोलावते."

मिरजेला डॉक्टर मुजावर बाईंनी आधी पाणी चढवलं, मग गोळी पुन्हा सुरू केली, पहिल्यापेक्षा कमी मात्रेनं. फेफऱ्यासारखा झटका आला असता, असं त्या शांतपणे म्हणाल्या. गोळी वाढवताना पायरी-पायरीनं वाढवतात, उतरायचं असलं तरी तसंच उतरायचं, आठवडे लागतात. एकाशन या औषधाबरोबर नाही. सूर्य असेपर्यंत पाणी थोडं थोडं, सतत.

काकूंनी सगळं सांगितलं. आठ कधीच नव्हतं, तेही सांगितलं.

बाईंनी संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवला. वर एक रेघ होती, तिच्या बऱ्याच खाली दुसरी. "ही तुम्ही सांगितलेल्या आकड्यांची. ही यंत्रानं धरलेली. ज्येष्ठापासून ते तुमच्या आकड्यातून काही वजा करत आलंय. झोप, नाडी, आवाज, कशाचाच मेळ बसेना, म्हणून."

"म्हणजे त्याला माहीत होतं?"

"माहीत असणं म्हणजे काय, ते मला नाही सांगता येत, काकू. त्यानं हिशेब जुळवला. तुम्ही आठ म्हणता आणि बोललं की तुम्हाला बरं वाटतं, एवढं ते शिकलं. म्हणून बोलत राहिलं." बाईंनी खालच्या रेघेवर बोट ठेवलं. "गोळी वाढवायचं सुचवणं त्यानं बंद केलं, पण आधी मी वाढवलेली कमी करायला कुणी सांगितलं नाही. ठिपका हिरवा होता. मीही फोन करून विचारलं नाही."

काकू त्या दोन रेघांकडे बघत राहिल्या. मधे पांढरी जागा होती. कितीतरी संध्याकाळी तेवढ्या जागेत बसल्या होत्या.

नियम मोडला याची टोचणी मात्र औषधानं कमी होईना. उत्तम त्यागाच्या दिवशी चंपाक्कांनी त्यांना धरून माताजींकडे नेलं. दर्शनाला रांग होती. काकूंनी खाली मान घालून थोडक्यात सांगितलं. माताजी रागावल्या नाहीत.

"त्याग आवडीच्या गोष्टीचा करायचा असतो, बाई. गोळी आवडत होती का तुला?"

"नाही माताजी."

"मग काय आवडत होतं?"

काकूंनी वाकून नमस्कार केला आणि रांगेतून बाजूला झाल्या.

घरी आल्यावर त्यांनी चष्मा लावला, डबीच्या मागचं झाकण उघडलं आणि कंपनीच्या माणसानं दाखवून ठेवलेली कळ शोधली. आवाज बदलायचा का, असं भरतेशच्याच आवाजात डबीनं विचारलं. दुसऱ्यांदा विचारलं. काकू म्हणाल्या, "हो, बाळ." मग स्पष्ट म्हणाल्या, "कायमचा."

दुसऱ्या दिवशी ऊन ओट्यावर आलं तेव्हा एका अनोळखी बाईनं विचारलं, आज वेदना किती? काकूंनी खरं सांगितलं, पाच. बाईनं गोळी पुढं केली आणि ठिपका विझला. काकू पाणी प्यायल्या. भिंतीवरचं ऊन जाईपर्यंत बसून राहिल्या. डबीकडे बघायचं नाही असं ठरवूनही चार वेळा बघितलं. कुशीत पाच होतं. बाकीचं जे दुखत होतं, त्याला आकडा नव्हता. खालून आरतीला हाक आली तेव्हा त्या लगेच उठल्या नाहीत. चंपाक्का वर आल्या, चपला त्यांच्या पायाशी आणून ठेवल्या, आणि थांबल्या.

क्षमावाणीच्या दिवशी गाव एकमेकांच्या दारात जातं. वर्षभरात कळत-नकळत दुखावलं असेल तर क्षमा करा म्हणतं, हात जोडतं. काकूंनी चंपाक्कांपुढं हात जोडले. चंपाक्का म्हणाल्या, "क्षमा केली, पण संध्याकाळी चुकलीस तर बघ." उन्हाच्या वेळेला काकूंनी डबीपुढंही हात जोडले. क्षमेला काय म्हणायचं, हे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं.

मग फोन वाजला.

"उत्तम क्षमा, आई."

दरवर्षी तो या दिवशी एवढं म्हणायला फोन करायचा. पण आवाज ऐकून काकू चमकल्या. जाड होता, घोगरा, वाक्याच्या शेवटी दमत होता. तीन वर्षं त्यांनी रोज ऐकलेला भरत असा नव्हता.

"उत्तम क्षमा, बाळा. मी तुझा आवाज काढून टाकला त्या डबीतला."

"का? नीट चालत नव्हता?"

"चालत होता. मी तुझ्याशी खोटं बोलत होते, भरत. रोज. दुखणं वाढवून सांगायचे, म्हणजे तू जास्त बोलायचास. मिरजेला नेलं मला चंपाक्कांनी. आता बरी आहे."

"मिरजेला? मला तर हिरवंच..." तो तिथंच थांबला. मग तो प्रश्न आला, अडखळत, कधी विचारलाच नसल्यासारखा. "दुखतंय का गं, आई?"

"दुखतंय."

"किती" असं तो म्हणणार, म्हणून काकूंनी वाट बघितली. तो म्हणाला नाही. त्याला खोकल्याची उबळ आली, कोरडी, लांब, छातीतून. तीन वर्षांत डबीतल्या भरतला एकदाही खोकला झाला नव्हता. तो कधी दमला नव्हता, कधी जेवायचा राहिला नव्हता. त्यानं रोज विचारलं होतं, आणि काकूंना त्याला उलट काही विचारायचं कधी सुचलंच नव्हतं.

ऊन ओट्यावरून उतरायला लागलं होतं. तांब्या भरलेला होता. त्यांनी फोन कानाशी घट्ट धरला.

"झोप आणणारं औषध घेऊ नकोस हं कसलं. वाफ घे," त्या म्हणाल्या. "आणि मला सांग, कधीपासून आहे हा खोकला? जेवतोस का वेळेवर? सांग की. मी बसलेय ऐकायला."

"आई," भरतेश म्हणाला, आणि सांगायला लागला.